इशारा पोहोचतो, वाट बुडते

2006 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला महापूर आला. 2025 च्या सप्टेंबरअखेरीस पैठणच्या जायकवाडी धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि परभणी जिल्ह्यात पाथरीपासून पूर्णेपर्यंतचा नदीकाठ पुन्हा धास्तावला. सोयाबीन, कापूस पाण्यात गेला.

पैठणचे पाणी इथे यायला वेळ लागतो. वाटेत सिंदफणा नदी माजलगाव धरणाचा विसर्ग घेऊन गोदावरीला मिळते. म्हणजे इशाऱ्याला अवधी असतो. पण गावाने बाहेर पडायचे कुठून? ओढ्यावरचा ठेंगणा पूल आधीच पाण्याखाली जातो. पुलाखालच्या नळ्यांत गाळ अडकलेला असतो. बाळंतीण, आजारी म्हातारा, सगळे गावातच अडकतात. हा निसर्गाचा कोप नाही, ही हेळसांड आहे.

पंचनामे व्हावेत, मदतही मिळावी. पण पूर येण्याआधी, मेअखेरीस, अशा प्रत्येक पुलाच्या कामाची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.