मीटर टाकलेला सूड

'टॅक्सी ड्रायव्हर' या कोरियन मालिकेतला किम दो-गी मीटर टाकतो आणि कायद्याला जमलं नाही ते करून दाखवतो. सूडसुद्धा भाड्याने! आपल्या शहरातली पोरं रात्र रात्र ती बघतात, यात नवल नाही. जालना रोडवरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठातून नुसती पुढची तारीख घेऊन परतणाऱ्यांचे चेहरे पाहिले की असल्या मालिका का चालतात ते कळतं.

पण आपल्याकडे हे खरंच घडलंय. १३ ऑगस्ट २००४, नागपूरचं जिल्हा न्यायालय. कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने वस्तीतला गुंड अक्कू यादव याला भर कोर्टात ठार केलं. पदरात तिखटाची पूड, हातात घरातल्याच सुऱ्या. वर्षानुवर्षं त्याचे बलात्कार, खंडण्या आणि तक्रारींकडे पोलिसांची पाठ. त्यात तो जामिनावर सुटणार अशी वस्तीत बोलवा.

मालिकेत सूड उगवला की पुढचा भाग सुरू होतो. इथे आरोपी झालेल्यांनी दहा वर्षं त्याच कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१४ मध्ये ते पुराव्याअभावी सुटले. त्या बायकांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, पण हात टाळ्याही वाजवत नाहीत. म्हणून या अंकात वकील मंडळींना एवढंच विचारलंय: पहिली तक्रार न नोंदवणाऱ्या ठाणेदाराचं पुढे काय होतं?