शून्य कुठे लिहायचे?

मुंबईतल्या एखाद्या कार्यालयात फॅक्स सर्व्हरची यादी उघडली, की पुण्याच्या शाखेचा नंबर ००२० ने सुरू होताना दिसतो. पहिले शून्य ईपीएबीएक्सकडून बाहेरची लाइन घेण्यासाठी, दुसरे एसटीडीचे, मग पुण्याचा २०. एक्स्टेन्शनवर नंबर बिनचूक लागतो. पुढे ईपीएबीएक्स निघते, मोडेम थेट लाइनवर येतो, आणि तेच अंक एक्स्चेंजला वेगळे दिसतात: ०० म्हणजे आयएसडी, २० म्हणजे इजिप्त. कोल्हापूरचा २३१ असाच लिहिलेला असेल तर लायबेरिया. आयएसडी बंद असल्यास फॅक्स अडकतो. चालू असल्यास काय होईल, याचा विचार बँका आणि रुग्णालयांची कामे घेणाऱ्यांनी तरी करावा.

ही शून्ये यादीत लिहायचीच नसतात. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘फोन अँड मोडेम’खाली ‘डायलिंग रूल्स’ आहेत. तिथे लोकेशन तयार करून देश आणि एरिया कोड भरायचा. बाहेरच्या लाइनचा अंक टाकायला स्थानिक आणि एसटीडी कॉलसाठी वेगवेगळ्या चौकटी आहेत. अंकामागे एक स्वल्पविराम द्यावा. मोडेम साधारण २ सेकंद थांबतो आणि तेवढ्यात डायल टोन येतो. ईपीएबीएक्स जुने, संथ असेल तर दोन द्यावेत. यादीत मात्र नंबर +९१ (२०) आणि पुढे आठ अंक, एवढाच. लोकेशन पुण्याचे असेल तर विंडोज नुसते आठ अंक फिरवते, मुंबईचे असेल तर ०२० जोडते. जागा बदलली की फक्त लोकेशन बदलायचे, यादीला हात लावायचा नाही. अट एकच: त्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा डायल-अप कनेक्शनमध्ये डायलिंग रूल्स वापरण्याची खूण केलेली हवी. ती राहून गेली तर वरचे सगळे भरणे फुकट जाते, आणि बहुतेक वेळा राहते ती तीच.

मोबाइलचे जरा वेगळे आहे. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० फिरवणे सक्तीचे झाले. मोबाइलला एरिया कोड नसल्याने विंडोज ते शून्य आपणहून लावत नाही. पहिले पाच अंक कंसात टाकले, की ते परगावचा कोड समजून ० जोडते. ही पळवाटच, पण हजार नोंदींपुढे हाताने शून्य लिहीत बसण्यापेक्षा केव्हाही बरी. उद्या नियम पुन्हा बदलला तर ती शून्ये काढत बसावे लागणार नाही.

आमचा आग्रह असा, की लोकेशनमध्ये काय भरले ते जॉब कार्डावर लिहिल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. ईपीएबीएक्स बदलणाऱ्या तंत्रज्ञाला पुढे तेच लागते. आणि निघण्यापूर्वी एक स्थानिक, एक एसटीडी आणि एक मोबाइल असे तीन नंबर ग्राहकासमोर, त्याच्याच यादीतून लावून पाहावेत.