टाकून दिलेला डूम

टॉम हॉलने 1992 च्या नोव्हेंबरात एका व्हिडिओ गेमची बाडं लिहायला घेतली आणि त्यांना नाव दिलं 'डूम बायबल'. तेई तेंगा नावाच्या दूरच्या जागी एक लष्करी तळ आहे, सैनिक पत्ते कुटत बसलेत, तेवढ्यात दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि राक्षस आत घुसतात. खेळणाऱ्याने निवडावीत अशी वेगवेगळी पात्रं, त्यांचे स्वभाव, त्यांची पूर्वपीठिका. एका पात्राचं आडनाव डकोट. 'या भागाच्या शेवटी मरतो' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरं जुळवून ते बनवलेलं. म्हणजे बारशालाच तेरावं उरकलेलं! हॉल अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर या चिमुकल्या कंपनीचा एक संस्थापक. पण तिथला मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक याला खेळात कथा बिथा असण्याचं फारसं कौतुक नव्हतं. खटके उडत गेले आणि 1993 च्या ऑगस्टमध्ये हॉलला कंपनीतून बाहेर पडावं लागलं. 10 डिसेंबर 1993 ला 'डूम' विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला, तेव्हा लोकांच्या झुंबडीने तो सर्व्हरच बसला. त्या डूममध्ये पत्ते नव्हते, तेई तेंगा नव्हतं, डकोट तर नव्हताच.

गेल्या काही वर्षांत या न आलेल्या डूमला पुन्हा उभं करणाऱ्यांची एक जमात तयार झाली आहे. डूमच्या 1993 मधल्या कच्च्या आवृत्त्या, फेब्रुवारीची, एप्रिलची, मेची आणि ऑक्टोबरात पत्रकारांसाठी काढलेली, पुढे चाहत्यांच्या हाती लागल्या. त्यात आहेत पुढे गाळलेल्या वस्तू: संगीन लावलेली रायफल, उचलल्यावर गुण देणारे पेले आणि खंजीर, तांबड्या-हिरव्या गोळ्यांचा मारा करणारी वेगळीच बीएफजी बंदूक. 'डूम डेल्टा' या मॉडने हे अवशेष आणि हॉलचं बाड एकत्र घेऊन एक खेळता येईल असा डूम बनवला. मॉड म्हणजे मूळ खेळाच्या अंगावर चाहत्यांनी चढवलेला बदल, हे या स्तंभाच्या जुन्या वाचकांना सांगायला नको.

असल्या मॉडना सरसकट 'पुनरुज्जीवन' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. जे कधी पूर्ण झालंच नव्हतं त्याला परत जिवंत काय करणार? कच्च्या आवृत्तीत एक खोली, दोन हत्यारं आणि हलतही नसलेला राक्षस असतो. त्या खोलीपलीकडे काय होतं याचं उत्तर हॉललाही तेव्हा माहीत नसेल. ते मॉडवाला आपल्या डोक्याने भरतो. आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी 1909 मध्ये एकनाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरीची प्रत छापली, त्यामागे एक साधा विश्वास होता: नाथांनी शके 1506 मध्ये पाठ शुद्ध केला, त्याआधीचा पाठ ज्ञानदेवांच्या जास्त जवळचा असणार. तिथे जुनं म्हणजे मूळ. डूमच्या बाबतीत गाडी उलटी आहे. जुनं म्हणजे बनवणाऱ्यांनी स्वतःच नाकारलेलं. त्यामुळे डूम डेल्टाला संशोधित प्रत म्हणण्याऐवजी अर्धवट टिपणांवरून लिहिलेली कादंबरी म्हणावं. कादंबरी म्हणून ती चांगली आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणि ती चांगली का आहे, तर ती खेळताना आधीचा डूम का बदलला हे हाताला कळतं. हॉलने सुरुवातीच्या पातळ्या खऱ्याखुऱ्या लष्करी इमारतींचा अभ्यास करून आखल्या. खऱ्या इमारती असतात तशाच त्या झाल्या. काटकोनातल्या भिंती, एकाच उंचीची छतं, सारखा उजेड, सरळ व्हरांडे. कारमॅकच्या इंजिनात मात्र भिंत कुठल्याही कोनात वळवता येत होती, जमीन आणि छत हवं तसं वर-खाली करता येत होतं, एका खोलीत लख्ख दिवा आणि शेजारी काळोख ठेवता येत होता. त्यांचा सहकारी जॉन रोमेरो याने हे ओळखलं. त्याच्या पहिल्या पातळीत वाकडी वाट विषारी हिरव्या डबक्यावरून जाते, खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं पण तिथे जायचा रस्ता सापडत नाही. पातळीचं नाव 'हँगर', आणि आत विमानाचं हँगर म्हणावं असं काही नाही. खरी इमारत उभी करायची असती तर हे चाललं नसतं. खेळात चालतं. हॉलने अर्ध्यावर सोडलेल्या बऱ्याच पातळ्या शेवटच्या काही आठवड्यांत कंपनीत नव्याने आलेल्या सँडी पीटरसनने पुऱ्या केल्या, म्हणजे आपण खेळलो त्या डूममध्येही हॉल होताच. जोडकाम नीट झालं म्हणून सांधा दिसत नाही, इतकंच.

रत्नागिरीजवळ मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावर बारावीत शिकणारा एक मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सुट्टीत बसतो. त्याला मी लॅपटॉपवर डूम डेल्टा दाखवला. पाच मिनिटं व्हरांड्यांतून फिरून तो म्हणाला, "काका, ह्यात मजा नाय. सगळीकडं सारखंच दिसतंय, कुठून आलो तेच कळत नाय." मग मूळ डूमची पहिली पातळी लावून दिली. खिडकीशी थांबून त्याने विचारलं, "तिकडं कसं जायचं?" रोमेरोला त्याच्याकडून हाच प्रश्न हवा होता. पातळीरचनेवर तासभर व्याख्यान देऊन मी जे सांगितलं असतं, ते या पोराने दोन वाक्यांत सांगून टाकलं.

'हाफ-लाइफ 2' चं प्रकरण जास्त गुंत्याचं. व्हॉल्व्ह कंपनीने हा खेळ 30 सप्टेंबर 2003 ला यायचा म्हणून जाहीर केला होता. तो आला नाही, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला कंपनीच्या संगणकात शिरून कोणीतरी त्याचा सोर्स कोड पळवून जगभर पसरवल्याचं बाहेर आलं. पाठोपाठ अर्धवट नकाशेही फिरू लागले. खेळ प्रत्यक्षात 16 नोव्हेंबर 2004 ला आला, आणि चोरीच्या आवृत्तीतलं पुष्कळसं त्यात नव्हतं. बर्फ फोडत जाणारं बोरियालिस जहाज, हवा शोषून विषारी करणारा कारखाना, हायड्रा नावाचा अर्धपारदर्शक प्राणी, गॅस मास्क लावून वावरणारे लोक. व्हिक्टर अँटोनोव्ह या बल्गेरियात जन्मलेल्या कलादिग्दर्शकाने शहर रंगवलं होतं ते आधी फार काळं, फार उंच, गुदमरवणारं होतं. 'मिसिंग इन्फर्मेशन', 'डार्क इंटर्व्हल', 'रेझिंग द बार: रीडक्स' ही सगळी मॉड त्या काळ्या शहरात परत जायची धडपड.

इथे मला दोन गट वेगळे करावेसे वाटतात. पळवून आणलेले नकाशे जसेच्या तसे बांधून वाटणारा एक गट. त्याला मी चोरीचा माल म्हणतो, वीस वर्षं झाली म्हणून माल बदलत नाही. दुसरा गट या खेळाच्या छापील चित्रांच्या पुस्तकातून, मुलाखतींतून प्रेरणा घेतो आणि भिंत, राक्षस, आवाज स्वतः घडवतो. 'रीडक्स' चं तर नावच त्या पुस्तकावरून घेतलेलं. यातली कित्येक माणसं नोकरी सांभाळून रात्री जागून, पदरचा वेळ घालून काम करतात आणि खेळ फुकट देतात. व्हॉल्व्हनेही अशांच्या मागे वकील लावले नाहीत. उलट 2024 च्या नोव्हेंबरात, खेळाला वीस वर्षं झाली तेव्हा, कंपनीने काढलेल्या माहितीपटात गाळलेल्या गोष्टींबद्दल मोकळेपणाने बोलणं झालं, कधीच न आलेल्या तिसऱ्या भागातली दृश्यंसुद्धा दाखवली.

चाहत्यांत एक मत ठाम आहे: जुना काळा हाफ-लाइफ जास्त भारी झाला असता. मॉड खेळून माझं मत उलट झालं. सलग काळोख आणि सलग धूर दोन तास अंगावर येतो, मग बधिरता येते. प्रत्यक्ष आलेल्या खेळात रेल्वे स्टेशनवरचा कोवळा उजेड आहे, पुढे समुद्रकिनाऱ्यावर मोकळं ऊन आहे, म्हणून मधलं रेव्हनहोम गाव भीती घालतं. काटछाट योग्य होती. अपवाद एकच, आणि तो हळहळ लावणारा. आधीच्या आराखड्यात शहराच्या मधोमध एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. नागरिक तिथे येऊन यंत्रावर गोल फिरत्या पात्यांचे छोटे मारेकरी रोबो चालवत, समोर दिसेल त्याला कापत, गुण मिळवत. खरं म्हणजे ते शहरातल्या दुसऱ्या वस्तीत खरेखुरे रोबो चालवत होते आणि समोर कापली जात होती ती माणसंच होती. शूटर खेळाने शूटर खेळणाऱ्याला विचारलेला इतका थेट प्रश्न मी दुसरीकडे पाहिलेला नाही. हे का गाळलं असेल ते असो, मॉडवाल्यांनी ते पार्लर उभं केलं याबद्दल त्यांना शंभर गुन्हे माफ.

'ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर' चा उल्लेख टाळता येत नाही. 1997 ला घोषणा, 2001 ला डोळे दिपवणारी झलक, आणि खेळ आला 2011 मध्ये. पनवेल-इंदापूर टप्प्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम सुरू झालं तेच हे साल, त्यामुळे आम्हा हायवेकाठच्या लोकांना ड्यूकच्या चाहत्यांबद्दल आतून कळवळा आहे. 2022 मध्ये 2001 ची ती आवृत्ती फुटली आणि चाहते आता ती पूर्ण करायच्या मागे लागले आहेत.

हे सगळं शक्य झालं ते एका तांत्रिक निर्णयामुळे, आणि मला या लेखात खरं बोलायचंय ते त्याबद्दल. आयडीच्या आधीच्या खेळात लोकांनी घुसून चित्रं बदलल्याचं कारमॅकने पाहिलं होतं. चिडण्याऐवजी त्याने डूममध्ये खेळाचं इंजिन वेगळं आणि खेळातला माल वेगळा ठेवला. नकाशे, चित्रं, आवाज असं सगळं वॅड नावाच्या एका फायलीत. पूर्ण खेळाची ती फाइल भरते जेमतेम 12 एमबी. पुढे 1997 च्या डिसेंबरात त्याने इंजिनाचा सोर्स कोडही खुला केला. त्यातूनच आजचं जीझेडडूम निघालं, ज्यावर डूम डेल्टा चालतो. 'काउंटर-स्ट्राइक' सुद्धा मुळात 1999 मध्ये दोघा तरुणांनी हाफ-लाइफवर बांधलेलं मॉड होतं. 2000 नंतर रत्नागिरीच्या सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने ज्याच्यापायी पोरांनी खाऊचे पैसे उडवले, तो खेळ असा खुल्या दारातून आला होता.

आज हातखंब्याच्या पोरांच्या हातात काय आहे? बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि खेळ गेला. त्याचीच भारतीय आवृत्ती असलेला बीजीएमआय 2021 च्या जुलैत आला, 2022 च्या जुलैत दुकानातून गायब झाला, 2023 च्या मेमध्ये परतला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पण या सगळ्यात खेळणाऱ्याच्या हातात कधीच काही नव्हतं. प्रत्येक अपडेट आधीची आवृत्ती गिळून टाकतं, आणि सर्व्हर बंद झाला की फोनमधले दोनेक जीबी नुसती अडगळ. त्या खेळाची जुनी आवृत्ती आज कोणाला अभ्यासायची म्हटली तर यूट्यूबवर कोणीतरी टाकलेलं चित्रीकरण बघायचं. 'मॉड एपीके' फिरतात ते फुकट डायमंड मिळवण्यासाठी, आणि त्यांच्याबरोबर बापाच्या बँक खात्यावर डोळा ठेवणारे पाहुणेही फोनमध्ये येतात.

दुकानातल्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी स्लेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावून दिलं. त्यात वॅड उघडते आणि आतली यादी समोर येते. इम्प नावाच्या राक्षसाला मूळ खेळात 60 इतकं बळ असतं. तीन-चार ओळींचा मजकूर लिहून ते 600 केलं. एरवी शॉटगनच्या एका बारात बहुधा आडवा होणारा इम्प आता बारांमागून बार खाऊन अंगावर येत राहिला. पोरगं खुर्चीतून उठलंच. मग आकडा 6 केला, मग उणे करून बघितला, मग मला न विचारता आणखी काय काय. नकाशा काढायला अल्टिमेट डूम बिल्डर आहे. वरून आराखडा काढायचा, प्रत्येक तुकड्याला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेड असे आकडे द्यायचे. मूळ डूम विकत घ्यायचा नसेल तर फ्रीडूम नावाचा खुला मालसंच आहे. दहा वर्षं जुना लॅपटॉप पुरतो, इंटरनेट एकदाच लागतं, आणि वीज गेली तरी बॅटरी असेपर्यंत काम चालू राहतं. पावसाळ्यातल्या कोकणात हा मुद्दा किरकोळ नाही.

पुण्यात शूटर खेळ बनतात. सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' 2024 च्या ऑक्टोबरात आला, त्याआधी निवडक लोकांनी त्याच्या चाचणी आवृत्त्या खेळल्या. भारतीय मातीतला खेळ म्हणून त्याचं कौतुक झालं, मीही केलं. पण या खेळाचा आधीचा नकाशा कसा होता, कुठलं हत्यार का काढलं, कुठली इमारत कोणाच्या सांगण्यावरून पाडली, हे तीस वर्षांनी कोण आणि कशावरून सांगणार? ऑनलाइन खेळाचा पूर्ण कोड खुला करा असं मी म्हणत नाही. त्यात लबाडी करणाऱ्यांचं फावेल, धंदाही बसेल, ते मला कळतं. एक रद्द केलेला नकाशा, सर्व्हरशिवाय चालणारा, उघडता आणि बदलता येईल अशा रूपात सोडून द्या. जो खेळात ठेवलाच नाही त्याच्यावर धंदा अडलेला नसतो. आणि सोबत चार ओळी लिहा, का रद्द केला म्हणून. ते कारण पटत नाही असं दाखवून देणारा कोणी हातखंब्यात निघाला, तर त्याला नोकरी द्यायची की नोटीस, हे तेव्हा ठरवा.