शेगडी नवी, वायर जुनीच

इंडक्शन शेगडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक काचेचा रंग बघतं, बटणं दाबून बघतं, वॉरंटी विचारतं. घरातल्या भिंतीत कितीची वायर आहे, हा प्रश्न त्याच्या डोक्यातही येत नाही. सरकारी मोहिमांचंही फारसं वेगळं नाही. २०२१ मध्ये विजेवरची वाहनं आणि स्वयंपाक यांसाठी ‘गो इलेक्ट्रिक’ची हाक दिली गेली, २०२३ मध्ये ईईएसएल या सरकारी ऊर्जाबचत कंपनीने २० लाख इंडक्शन शेगड्यांचा कार्यक्रम जाहीर केला. बोलबाला झाला तो शेगडीचा.

हिशेब तसा सोपा आहे. २,००० वॅटची सुटी शेगडी २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेते. तिला १६ अँपिअरचं सॉकेट आणि अडीचची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. ओट्यात बसवायचा चार चुलींचा ७ किलोवॅटचा हॉब घेतला की हाच आकडा तिसावर जातो. मग डीबीपासून, म्हणजे घरातल्या वीज वितरण पेटीपासून, स्वतंत्र ओढलेली सहाची वायर हवी, ३२ अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) हवी. एकाच पाइपात आणखी वायरी कोंबल्या असतील किंवा अंतर लांब असेल, तर दहाचीही लागू शकते.

वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. डीबी ओट्यापासून २० मीटरवर आहे आणि दिव्यांसाठी टाकलेल्या दीडच्या वायरीतून ३० अँपिअर नेले, असं धरू. जवळपास पावणेपाचशे वॅट भिंतीतच जिरतात. सहाच्या वायरीत हा आकडा सव्वाशेच्या आत राहतो. साधं पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच टिकण्यासाठी बनवलेलं असतं, हे लक्षात घेतलं की पुढचं सांगायला नको.

खरा धोका मात्र ‘जुगाडा’त आहे. शेगडी लावली की एमसीबी पडते, कुणीतरी येऊन १६ ची काढतो, २५ ची बसवतो आणि घरातले खूश होतात. एमसीबी असते ती वायर वाचवायला. वायर तीच ठेवून एमसीबी वाढवणाऱ्याला पैसे देऊ नयेत, घराबाहेर काढावं.

ब्रिटनमधले इलेक्ट्रिशियन घरगुती ‘कुकर’ला, म्हणजे विजेच्या चुलीला, एक सवलत देतात: पहिले १० अँपिअर पूर्ण धरायचे, उरलेल्यांचे ३० टक्केच. सगळ्या चुली एकदम पूर्ण जोरात क्वचितच चालतात, हा त्यामागचा विचार. तिथे ३० अँपिअरचा कुकर हिशेबात १६ वर येतो. पण एकीवर चकल्या, दुसरीवर पाक, तिसरीवर डाळ अशी दिवाळीची धांदल असलेल्या घरात ही सवलत न धरलेलीच बरी.

आणखी एक आकडा वीजबिलावरच छापलेला असतो: मंजूर भार. तो दोन-तीन किलोवॅट असेल, तर ७ किलोवॅटच्या हॉबसाठी महावितरणकडे आधी भारवाढीचा अर्ज करावा लागतो. ओट्याच्या टाइल्स त्यानंतर.