कवचावरून कुळाचा निर्णय

आमच्या काष्टीच्या बैलबाजारांत शिंगें, वशिंड व खूर पाहून जनावराची जात ठरते. पण जनावर नाहींसें होऊन केवळ त्याचें घर उरलें, तर? फोरॅमिनिफेरा ह्या सागरी सूक्ष्मजीवांच्या अश्मीभूत कवचांविषयीं हाच प्रश्न पडतो. आमचें पठार अग्निजन्य काळ्या दगडाचें. अशीं कवचें पाहावयाचीं तर गोव्यास दोनापावलास जावें. तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत (स्थापना १९६६) समुद्रतळाचा गाळ चाळून तीं वेंचतात. भिंत चुन्याची कीं वाळूचे कण चिकटविलेली, कोठड्या रांगेंत कीं वेटोळ्यांत, मुख कोठें, ह्यांवरून नांव ठरतें.

वेटोळ्यानें पंडितहि फसले. फ्रेंच शास्त्रज्ञ दॉर्बिन्यी ह्यांनीं १८२६ सालीं ह्यांना माकुलाच्या वर्गांत बसविलें. ते अगदीं साधे जीव आहेत, हें १८३५ सालीं दुजार्दँ ह्यांनीं दाखविलें. शंखाप्रमाणें ह्यांतहि दक्षिणावर्त व वामावर्त आहेत, ह्याचें आम्हांस विशेष कौतुक! एका जातीचीं वामावर्त कवचें थंड पाण्यांत, दक्षिणावर्त त्याहून उबदार पाण्यांत सांपडत. थंडीनें वळण बदलतें, अशी समजूत होती. २००६ सालीं आनुवंशिक परीक्षेच्या आधारें त्या दोन स्वतंत्र जाती ठरल्या. तथापि दोहोंतहि थोडीं कवचें उलट्या वळणाचीं निघतातच. म्हणून एकट्यादुकट्या कवचावर निकाल न देतां पुष्कळ कवचें मोजावीं लागतात.