इफ्तारीला पेरू का नाही?

रमजान असला तरी न्हावा शेवा बंदराचे काम चालूच असते. जहाजावर कंटेनर बांधणारे लॅशिंगचे कामगार, ट्रेलरचे चालक, गोदामातले हमाल यांच्यात रोजेदारही असतात. पहाटे सहेरी, दिवसभर अंगमेहनत आणि मगरिबच्या अजानीला जे हाताशी येईल त्याने इफ्तार. बहुधा ते असते भजी, समोसा, लाल सरबत आणि दोन खजूर. पोट भरते, पण दमलेल्या स्नायूंना हवे ते त्यात थोडेच.

जिममधला व्यायाम आणि पोटासाठीची मेहनत यांतला फरक स्नायूला कळत नाही. दोन्हींत पेशी जास्त प्राणवायू वापरतात आणि त्यातून ‘फ्री रॅडिकल’ नावाचे उपद्रवी कण तयार होतात. शरीर त्यांना आवरते ते स्वतःच्या एन्झाइमांनी आणि अन्नातल्या जीवनसत्त्वांनी. ‘ई’ जीवनसत्त्व पेशीच्या स्निग्ध आवरणाचे रक्षण करते. ते करताना खर्ची पडलेल्या ‘ई’ला पुन्हा कामाला लावते ‘सी’. १९८२ साली अमेरिकेत बर्कले येथे केल्विन डेव्हिस, लेस्टर पॅकर आणि सहकाऱ्यांनी ‘ई’ची कमतरता असलेल्या उंदरांना थकेपर्यंत पळवले. त्यांचा दम सुमारे ४० टक्क्यांनी कमी पडला.

मग गोळ्या घ्याव्यात? जिमला जाणारी मुले घेतातच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल रिस्टो यांच्या जर्मनीतल्या प्रयोगात तरुणांना चार आठवडे व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम ‘सी’ आणि ४०० युनिट ‘ई’ दिले गेले. व्यायामाने इन्सुलिनचे काम सुधारते. गोळ्या घेणाऱ्यांना नेमका तोच फायदा मिळाला नाही. थोडे फ्री रॅडिकल शरीराला सावध करायला लागतातच. उणीव भरून काढणे वेगळे आणि भरल्या पोटी डबाभर गोळ्या रिचवणे वेगळे.

उणीव भरायला बाजारातली टोपली पुरते. पुरुषाची ‘सी’ची रोजची गरज ८० मिलिग्रॅमच्या आसपास, एका मध्यम पेरूत त्याहून जास्त मिळते. खजुराने इफ्तार करणे सुन्नत आहे, तो लगेच ताकदही देतो, पण ‘सी’ त्यात नसल्यासारखेच. मूठभर शेंगदाण्यांतून ‘ई’ मिळते. लिंबू मात्र शिजवून नव्हे, वरून पिळावे; उष्णतेने ‘सी’ नष्ट होते. एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्यांनाही हे लागू आहे. (त्यांच्या खिचडीत निदान शेंगदाणे असतात!)

आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणातच आहे. तरीही लांब पल्ल्याचे अनेक चालक रोजा सोडत नाहीत. तो त्यांचा निर्णय. पण इफ्तारसाठी वर्गणी काढणाऱ्यांना तळणाची एक परात कमी करून पेरूची टोपली आणता येईल. ठेकेदारांनाही अजानीच्या वेळी पंधरा मिनिटांची सुट्टी आणि स्वच्छ पाणी देता येईल. ट्रेलरच्या रांगेत अडकलेला चालक मशिदीपर्यंत पोहोचू शकत नाही. ती टोपली त्याच्यापर्यंत रस्त्यावर न्यावी लागेल, आणि नेणारा रोजेदारच असला पाहिजे असे काही नाही.