तिफण उलटी टांगली होती



आज पिकाचं नाही, लग्नाचं लिहितोय. पण शेवटाला गाडी शिवारातच येणार आहे, तेव्हा वाचा.

मागच्या महिन्यात चुलतभावाच्या मुलीची हळद होती. गावाबाहेरच्या एका लॉनवर कार्यक्रम. कमानीत पाय ठेवला आणि वाटलं, आपल्याच जुन्या वाड्यात शिरलो. दोन्ही बाजूंना बैलगाडीची चाकं, मधे पितळी घंगाळात पाणी आणि वर झेंडूच्या पाकळ्या, कोपऱ्यात जातं, वर कंदील. नवरा-नवरीला फोटोसाठी खांद्यावर कोळपं दिलेलं आणि फोटोवाला म्हणतोय, "दादा, नांगर जरा वर धरा." मी काही बोललो नाही. लग्नघरात कशाला शिकवणी!

पण मागच्या भिंतीकडं नजर गेली आणि पाय थांबले. तिथं तिफण टांगलेली, तीही उलटी. फण आभाळाकडं, चाडं खाली. तिन्ही नळ्यांत प्लॅस्टिकची फुलं, चाड्यात बल्ब, आणि सगळ्याला सोनेरी रंग. जवळ गेलो. चाड्याला तडा गेलेला आणि तो तांब्याच्या तारेनं शिवलेला. ती तार माझ्या वडिलांनी ओढलेली. चार वर्षांपूर्वी घराचा स्लॅब टाकताना जागा हवी म्हणून मीच ती तिफण, एक मोडका कुळव आणि दोन चाकं दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली होती. सगळ्याचे मिळून नऊशे रुपये आले.

सजावट करणाऱ्या पोराला विचारलं, हे भाड्यानं कसं देता? म्हणाला, "काका, हा विंटेज सेट आहे. एका दिवसाचे साडेचार हजार." आणि तिफणीकडं बोट दाखवून विचारलं हे काय, तर म्हणाला, "हँगिंग स्टँड."

घरी आल्यावर दोन दिवस हेच डोक्यात. म्हणून लिहितोय. राग कुणावर काढायचा नाही. चूक माझी होती, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांची होणार आहे किंवा होऊन गेली आहे.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. जुन्या वस्तूंनी लग्न, घर किंवा हॉटेल सजवणं वाईट आहे असं माझं मत नाही. उलट ही हौस आली म्हणून तरी चाकं चुलीत जायची थांबली. आपण स्वतः काय केलं ते आठवा. जू फोडून सरपण केलं, कणगी उकिरड्यावर टाकली, रांजणाला भोक पडलं म्हणून त्यात कोंबडी बसवली. रोजच्या वापरातल्या वस्तूला किंमत असते हे आपल्याला शहरातल्या माणसांनीच दाखवलं. पुण्याचे दिनकर केळकर 1920 च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, भांडी असल्या घरगुती वस्तू गोळा करत गेले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली ते सरकारच्या स्वाधीन केलं. आज राजा केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू बघतात. त्यांनी वस्तू जमवली तशी तिची माहितीही जमवली. सजावटीच्या बाजारात वस्तू तेवढी जाते, माहिती आपल्या ओसरीवरच राहते आणि म्हाताऱ्या माणसाबरोबर संपते.

आता तिफणीचंच घ्या. आमच्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी हेच मुख्य पीक. कृषी विद्यापीठाची शिफारस दोन ओळींत 45 सेंटिमीटरची, म्हणजे 18 इंच. आमच्या तिफणीच्या दिंडाला सुताराने फणांची भोकं पाडलेली, त्यांतलं अंतर वीतभर-दीडवीतभर असं अंदाजानं नव्हतं. ते त्या रानाचं, त्या पिकाचं आणि मागून चालणाऱ्या कोळप्याचं माप होतं. कोळप्याची फास त्या ओळीत बसली पाहिजे, नाहीतर पीकच कापलं जायचं. म्हणजे तिफण, कोळपं आणि पीक ही तिघं एका मापात बांधलेली. जुवाला दांडी किती लांब-आखूड बांधायची यावर बी किती खोल पडणार ते ठरायचं. ओल खाली गेली असेल तर वडील दोर बदलायचे, आणि चार पावलं चालून मातीत बोट घालून बघायचे. चाड्यावर मूठ धरणारा माणूस तर अख्ख्या गावात दोन-तीनच. तिन्ही नळ्यांत बी सारखं पडायला बोटांना सवय लागते. मागं बाईमाणूस सरतं धरून तुरीचं किंवा करडईचं बी सोडायचं, तेव्हा मिश्र पिकाचं प्रमाणही तिच्याच मुठीत असायचं.

हे सगळं त्या एका लाकडात होतं. शेतीशास्त्र शिकणाऱ्या पोरांना मी नेहमी सांगतो, जुन्या तिफणीच्या भोकांतलं अंतर मोजा, त्या शिवारात पूर्वी काय पिकत होतं त्याचा अंदाज येईल. मालदांडीचं नाव आपण जपलं, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती ज्वारी ज्या अवजारानं पिढ्यान्‌पिढ्या पेरली ते आपण किलोवर विकलं.

मापांचंही तेच. शेर, अधोली, पायली, मापटं, चिपटं. 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू किलो-लिटर आले आणि ही मापं माळ्यावर गेली. आज तीच मापं हॉटेलात पेन ठेवायला दिसतात. ठेवा बापडे. पण पायलीत शेर किती आणि शेरात चिपटी किती हे घरात एकाला तरी ठाऊक असू द्या. बलुत्याचा आणि सालगड्याच्या पगाराचा हिशेब याच मापात होता.

आता पैशाचं बोलू. आपण वस्तू कधी विकतो? घर पाडताना, भावा-भावांची वाटणी होताना, दिवाळीची साफसफाई करताना, नाहीतर अडीनडीला. चारही वेळा घाई असते. भंगारवाला वजन करतो. पितळ असेल तर मोडीचा भाव, लाकूड असेल तर "काय तरी द्या." तिथून माल ठोक व्यापाऱ्याकडं, तिथून पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात, आणि तिथून सजावटवाल्याकडं. दर टप्प्याला किंमत चढते, कारण पुढचा माणूस वजन बघत नाही, रूप बघतो. आपण मात्र कांदा असो की घंगाळ, काट्यावर ठेवूनच विकायला शिकलोय. कच्चा माल आपला आणि नफा शेवटच्याचा, हे दुखणं शेतमालात आहेच. ते माळ्यावरच्या सामानातही आणायचं का?

माझं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू सजावटीला जरूर द्या, पण विकू नका, आणि नावाशिवाय देऊ नका. ते कसं करायचं, मला सुचलं ते लिहितो.

1. आधी नोंद. घरातल्या प्रत्येक जुन्या वस्तूचा फोटो काढा. शेजारी टेप ठेवा म्हणजे माप दिसेल. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बसवून विचारा, हे काय, प्रत्येक भागाला काय म्हणतात, कुणी बनवलं, कशाचं लाकूड. मोबाइलवर आवाज भरून घ्या. चाकाचा तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव. मोटेचा नाडा, सोंदूर, कणा, थारोळं. हे शब्द आता सत्तरीच्या पुढच्या माणसांकडंच आहेत. लिंबची बारा मोटेची विहीर बघायला लोक लांबून येतात, पण मोट कशी चालायची ते सांगणारा माणूस आपल्या घरात बसलाय, त्याला कुणी विचारत नाही.

2. भाड्यानं द्या. चिठ्ठी करा, अनामत घ्या. चिठ्ठीवर लिहा: रंग द्यायचा नाही, खिळा मारायचा नाही, कापायचं नाही. जात्याला भोक पाडून कारंजं केलेलं आणि गाडीचं चाक अर्धं कापून बाक केलेला मी बघितलाय. एकदा कापलं की ती वस्तू संपली. दोन-चार घरांनी मिळून बचत गटामार्फत सामान भाड्यानं द्यायला काहीच हरकत नाही. खोली आपली, सामान आपलं, भाडंही आपलं.

3. निगा. लाकडाच्या बारीक भोकांतून ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर घुण जिवंत आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. कोरडं पुसून जवसाचं तेल पातळ हातानं द्या. ऑइलपेंट नको. लोखंडी नांगरावर ओतलेली अक्षरं असतील तर घासून घालवू नका. लोखंडानं जमीन नासते असं म्हणत लोक नांगराला हात लावत नव्हते, त्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवायला घेतला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. तुमच्या गोठ्यातल्या नांगरावरची अक्षरं त्या इतिहासाचा कागद आहेत.

4. खायला-प्यायला जपून. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, लिंबू सरबत, चिंचेचं सार ठेवू नका. आंबट पदार्थात धातू उतरतो. घंगाळात फुलं ठीक, मठ्ठा नको. आणि हे ठळक लिहितो: जुने फवारणी पंप, धुरळणी यंत्रं, औषधाचे पत्र्याचे डबे सजावटीला देऊ नका. एका ठिकाणी मी औषधाच्या जुन्या डब्यात चमचे ठेवलेले बघितले. बीएचसी आणि डीडीटीच्या जमान्यातले डबे ते. धुतले म्हणून विष जात नाही.

5. काही गोष्टी अजिबात द्यायच्या नाहीत. गावची वीरगळ, जुनी मूर्ती, शिलालेखाचा दगड ही सजावट नव्हे, ती गावाची मालमत्ता आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपुढच्या वस्तू पुरावस्तू धरल्या जातात. त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दुसरं म्हणजे मोडी कागद. जुन्या ट्रंकेतले मोडी कागद काचेत बसवून हॉटेलच्या भिंतीवर लावायची फॅशन आली आहे. भावांनो, तो कागद तुमच्या जमिनीची खरेदी किंवा वाटणी असू शकतो. मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय एकही कागद हातचा सोडू नका.

6. शेतात फोटो काढायला येणारे. सूर्यफूल फुललं, ज्वारी हुरड्यावर आली की गाड्या येतात. येऊ द्यात, आपलं शिवार देखणं आहेच. पण बांधावरून आत कुठून जायचं ते आपण ठरवायचं आणि पैसे आधी ठरवायचे. एका फोटोसाठी आमच्या शेजाऱ्याची चार ओळी ज्वारी आडवी झाली. भरपाई म्हणून "थँक्यू काका" मिळालं.

लग्नवाल्यांनाही एक सांगणं. या वस्तू आपल्या लग्नात पहिल्यापासून होत्या, शोभेसाठी नाही, कामासाठी. सुवासिनी जात्यावर हळद दळायच्या, उखळ-मुसळावर घाणा भरायचा, मांडवाची मेढ रोवायची. तेव्हा भाड्याचं जातं कोपऱ्यात पाकळ्या टाकून ठेवण्यापेक्षा मधे घ्या, नवरीच्या आजीला खुंट्याला हात लावायला सांगा, मूठभर हळकुंडं भरडा. आजीच्या तोंडून आपोआप ओवी येईल. 'पारी' या संकेतस्थळावर महाराष्ट्रातल्या गावागावांतून जमवलेल्या जात्यावरच्या 1 लाखाहून जास्त ओव्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी ते काम सुरू केलं. तुमच्या आजीची ओवी त्यात नसेल, तर त्या दिवशी भरून घ्या. फोटोपेक्षा ती जास्त दिवस टिकेल. आणि अक्षता ताटाऐवजी पायलीत ठेवा, पायलीला काम मिळेल.

शेवटी माझ्या तिफणीचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी परत त्या लॉनवर गेलो. विकत मागितली, तर सात हजार म्हणाला. माझ्याकडं नव्हते, आणि खरं सांगायचं तर नऊशेला दिलेली वस्तू सात हजाराला घ्यायला मन धजलं नाही. पण खिशातून टेप काढून फणांतलं अंतर मोजलं. अठरा इंच. वहीत लिहून घेतलं. त्या पोराला बसवून चाडं, नळ्या, दिंड, रुमणं सगळं सांगितलं. पोरगं माझ्याच तालुक्यातलं निघालं, आजोबा शेतकरी. ऐकून घेतलं त्यानं. मग दोघांनी मिळून ती सरळ केली. फण खाली, चाडं वर. पुठ्ठ्यावर लिहून दिलं: "तिफण. तीन ओळींत पेरणी करायचं अवजार. रब्बी ज्वारी. अंतर 18 इंच." त्यानं तो पुठ्ठा खाली लावला. बल्ब मात्र चाड्यातच राहिले. राहू द्यात.

आमच्याकडं तिफण म्हणतात, कुणाकडं कुरी, कुणाकडं पाभर. तुमच्या भागात काय म्हणतात आणि दोन फणांत अंतर किती, ते मोजून खाली लिहा. अंदाजानं नको, टेप लावून. माळ्यावर असेल तर आजच खाली काढा. भंगारवाल्याचा भोंगा उद्याही येणार आहे.